पहिली-दुसरी: मूल नेमकं कुठे अडतं आणि तिथे हातात काय द्यायचं

लिंबोणी (धागाकर्ती)

जून जवळ आला की शिक्षकांच्या गटांवर साहित्याचे फोटो सुरू होतात. रंगीत पुठ्ठे, दोरीवर टांगलेली फुलपाखरं, लॅमिनेट केलेले तक्ते. दिसायला छानच, पण त्यातलं बरंचसं मुलाच्या हातात कधी जातच नाही. या धाग्यात तसली यादी नको. मूल वाचनात किंवा गणितात कुठे अडतं ते सांगा आणि त्या जागेवर चालणारं साहित्य मापांसकट द्या. कृती कुठे फसते तेही लिहा, कारण नवख्या शिक्षकाची पंचाईत तिथेच होते.

सुरुवात मी करते, चिंचोक्यांपासून.

पहिलीतलं मूल ८ + ५ करताना आठ वस्तू पहिल्यापासून मोजतं, मग पाच मोजतं, मग सगळ्या मिळून पुन्हा एकपासून मोजतं. आठ म्हणजे पाच आणि तीन, किंवा दहाला दोन कमी, असं त्याला दिसत नाही. म्हणून बेरजेच्या आधी संख्येची फोड पक्की हवी.

चिंचोके एका बाजूने खरखरीत फरशीवर किंवा पाट्यावर घासा. तपकिरी साल निघून पांढरा भाग दिसला की थांबा. भिजवू नका, दोन्हीकडची साल सुटते. घासलेली बाजू सपाट होते, त्यामुळे चिंचोका घरंगळतही नाही. दोन मुलांत सुरुवातीला फक्त पाच द्या. मुठीत घेऊन वर्तमानपत्रावर टाकायचे आणि बोलायचं, "तीन काळे, दोन पांढरे, मिळून पाच." जोडीदाराने पाटीवर ३ २ लिहायचं. दहा-बारा वेळा टाकून झालं की वेगवेगळ्या जोड्या शोधायच्या. पाचाच्या सहा जोड्या होतात, ० ५ आणि ५ ० धरून. शून्याची जोडी बहुतेक मुलं सोडून देतात, ती मुद्दाम विचारा.

खरं काम पुढच्या टप्प्यात आहे. पाच चिंचोके मांडायचे, जोडीदाराने काही करवंटीखाली झाकायचे आणि विचारायचं, "दोन दिसतात, करवंटीखाली किती?" हा भाग सोडला तर टाकाटाकीचा खेळ उरतो, गणित होत नाही. पाच न मोजता सांगता आले की सहा, मग सात, असं दहापर्यंत. एकदम दहा दिले की मूल परत एकेक मोजायला लागतं.

चिंचोक्यांना कीड लागते. कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. नाकात-कानात घालणारं मूल वर्गात असेल तर पाण्याच्या बाटल्यांची बुचं वापरा, त्यांच्या दोन बाजू आयत्याच वेगळ्या असतात.

माळरान

ताई, याच्याच पुढे दहाची चौकट जोडा. अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे ५ × ६ चा असतो. त्यातून २ × ५ चे तीन तुकडे निघतात. चोवीस मुलांच्या वर्गाला बारा जोड्यांसाठी प्रत्येकी दोन तुकडे, म्हणजे आठ ट्रे. अंडेवाला फुकट देतो. घेतल्यावर दोन दिवस उन्हात ठेवा, फुटक्या अंड्याचे डाग असलेला ट्रे घेऊच नका.

८ + ५ साठी एका तुकड्यात आठ बुचं, दुसऱ्यात पाच. पहिल्या तुकड्यात दोन खळगे रिकामे दिसतात. दुसऱ्यातली दोन बुचं उचलून तिथे ठेवायची. दहा आणि तीन, तेरा. मूल हाताने दोन उचलतं तेव्हाच "दहा पूर्ण करणं" त्याला कळतं.

भरायची पद्धत मात्र सगळ्यांची एक ठेवा, आधी वरची पाचाची ओळ आणि मग खालची. विखरून ठेवलेले आठ नुसत्या नजरेला आठ दिसत नाहीत.

दशक-सुटे

गठ्ठ्यांबद्दल लिहितो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यांत पहिलीला ९९ आणि दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या आहेत. पण दशक कच्चं राहिलं की पुढचं सगळं पाठांतरावर जातं.

काड्या: खराट्याचे हीर सर्वांत स्वस्त. बुंध्याकडून १० सेंमीचे तुकडे कापा, शेंड्याकडचा बारीक भाग टाकून द्या. टोकं पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर बोटात कूस जाते. मराठवाड्यात, विदर्भात तुराट्या मिळतात, त्या जाड असल्याने दहाचा गठ्ठा लहान हातात मावत नाही, बारीक निवडून घ्याव्या लागतात. आईस्क्रीमच्या काड्या चपट्या, गठ्ठ्यातून घसरतात. चार मुलांच्या गटाला १२० काड्या पुरतात. सहा गटांना ७२०.

बांधायला साधे रबर पावसाळ्यात चिकट होऊन तुटतात. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्ध्या सेंमीच्या चकत्या कापा. कात्रीने सहज कापल्या जातात. वर्षभर टिकतात आणि लहान बोटांनाही ताणता येतात. वापरण्याआधी चकत्या साबणाने धुवा, नाहीतर हात खराब होतात.

पहिले दोन आठवडे तयार गठ्ठे द्यायचे नाहीत. मूठभर काड्या उचलायच्या, किती असतील त्याचा अंदाज सांगायचा, मग दहा-दहा मोजून स्वतः बांधायचं आणि बोलायचं: "तीन गठ्ठे, चार सुट्या, चौतीस." नऊचे आणि अकराचे गठ्ठे हमखास होतात. म्हणून दुसऱ्या मुलाने तपासल्याशिवाय गठ्ठा डब्यात जायचा नाही. एक चुकीचा गठ्ठा आत गेला की नंतरची सगळी उत्तरं बिघडतात आणि मूल स्वतःवरचा विश्वास गमावतं.

खेळ असा: गटातल्या दोन जोड्या एकमेकींविरुद्ध, दोन फासे टाकायचे, बेरजेइतक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की बांधायच्या. पाच गठ्ठे आधी करेल ती जोडी जिंकली. चार दिवसांनी उलटा खेळ: पाच गठ्ठ्यांपासून सुरू, फाशांवर पडेल तितक्या परत करायच्या. सुट्या नसल्या की गठ्ठा सोडावाच लागतो. वजाबाकीची सगळी तयारी या उलट्या खेळात होते, तरी बहुतेक वर्गांत तो खेळवलाच जात नाही.

आणखी एक. दशक-सुट्यांची चौकट (डावीकडे दशकाचं घर, उजवीकडे सुट्यांचं) जमिनीवर मधोमध ठेवून चार मुलं चहूबाजूंनी बसवू नका. समोरच्या मुलाला दशकाचं घर उजवीकडे दिसतं आणि तो ३४ चे ४३ वाचतो. दोघांना एक चौकट द्या, दोघं एकाच बाजूला बसतील अशी.

पायवाट

सर, गठ्ठे झाले, खेळ झाले, तरी दुसरीची काही मुलं वहीत १२ + ९ = १११ लिहितात. काड्यांनी विचारलं तर बरोबर एकवीस सांगतात. हे कसं जोडायचं?

दशक-सुटे

काड्या आणि वही वेगवेगळ्या तासांना झाल्या की असंच होतं. मुलाला ती दोन वेगळी कामं वाटतात. २ आणि ९ मिळून ११ आले, ते एका घरात लिहिले, शेजारी १ होताच. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही.

दोन उपाय एकदम करा. चौकटीतल्या सुट्यांच्या घरात फक्त ९ आडव्या रेघा आखा, एका रेघेवर एकच काडी. दहावी काडी ठेवायला जागाच नाही, बांधून पलीकडे न्यावीच लागते. दुसरं म्हणजे जोडीत एक काडीवाला आणि एक लेखनिक. काडीवाल्याने प्रत्येक हालचाल बोलायची आणि लेखनिकाने त्याच क्षणी लिहायची. "दहा बांधले, गठ्ठा पलीकडे ठेवला" म्हटलं की लेखनिक दशकाच्या डोक्यावर हातचा १ लिहितो. "एक सुटी उरली" म्हटलं की खाली १. पाच उदाहरणांनंतर कामं बदलायची.

वजाबाकीतही तेच. ५२ − २७ ला ३५ उत्तर येतं, कारण मूल वरखाली न बघता मोठ्यातून लहान अंक वजा करतं. इथे खालची संख्या काड्यांनी मांडू नका. नुसते पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडा आणि २७ काढून द्यायला सांगा. दोनातून सात निघत नाहीत, गठ्ठा सोडावा लागतो, बारा सुट्या होतात. दोन्ही संख्या मांडल्या की मूल दोन ढीग बघतं आणि काय काढायचं तेच विसरतं.

शंभर मणी

मराठी मुलांची एक अडचण बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही: संख्यानामं. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. ऐकून लिहायला सांगितलं की ५२ येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला "वीस सात" असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचा मुद्दा हीच अडचण होती. कानडी-तेलुगूत दशक आधी बोललं जातं, त्या मुलांना हा अडथळा येत नाही. वाद काहीही असो, वर्गात दोन्ही नावं जोडीने वापरली तर मुलाचं नुकसान काहीच नाही. व्यवहारात त्याला पंचवीसच ऐकू येणार आहे.

त्यासाठी गणितमाळ. १२ मिमीचे शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून. मण्यांना १२० सेंमी लागतात. दोरी १६० घ्या: १० सेंमी ढील, उरलेली दोन्ही टोकांच्या गाठींना. ढील ठेवली नाही तर मणी सरकत नाहीत आणि चिमटा लावायला फट मिळत नाही. नायलॉनची दोरी घ्या, सुती दोरी ओल धरून फुगते आणि मणी अडकतात.

चिमटा नेहमी मण्यांच्या मधल्या फटीत लावायचा. २५ चा चिमटा पंचविसाव्या आणि सव्विसाव्या मण्याच्या मधे. मण्यावरच लावला तर तो मणी मोजायचा की नाही यात मूल अडकतं आणि उड्या मारताना एकाने चुकतं.

कृती: मी म्हणते "पंचवीस". मूल रंग बदलतात तिथे हात ठेवत वीस धरतं, पुढे पाच सरकवतं, चिमटा लावतं आणि बोलतं, "वीस आणि पाच, पंचवीस." मग लिहितं. नियम एकच, अख्खा शब्द ऐकून होईपर्यंत खडू पाटीला लावायचा नाही. काही मुलं "पंच" ऐकताच ५ लिहून टाकतात आणि नंतर डावीकडे २ लावतात. उत्तर बरोबर दिसतं म्हणून आपण सोडून देतो. ही सवय तीन अंकी संख्येत घात करते. एकशे पंचवीसमध्ये आधी शतक, मग एकक, मग दशक असा क्रम आहे, तिथे ते मूल हमखास गोंधळतं.

एकोणचं कुटुंब वेगळं घ्या. १९ ते ८९ असे आठ भाऊ. तीन दशकं धरायची आणि एक मणी मागे यायचं: "तीसला एक कमी, एकोणतीस." एकोणतीसला ३९ लिहिणारी मुलं "तीस" ऐकून ३ लिहितात, त्यांना हा एक मणी मागे येणं हाताने करू द्या. नव्याण्णव मात्र या कुटुंबात बसत नाही, ते आधीच सांगून टाका, नाहीतर "एकोणशंभर" ऐकू येतं. तसं कुणी म्हटलं तर आधी शाबासकी द्या, त्याला नियम कळला आहे.

काजवा

गणिताने धागा भरायच्या आत वाचनाकडे येऊ.

अक्षरं क, ख, ग क्रमाने शिकवली की दोन महिने मुलाला वाचायला शब्दच मिळत नाही. त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि एक स्वरचिन्ह असा गट घ्यावा. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि गटाने अक्षरं शिकवायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. एक चालणारा पहिला गट: क, म, ल, र आणि काना. एवढ्यावर काम, काल, काका, मामा, लाल, मला, माल, राम, रमा, मका, मार, करा, कमाल, कलम होतात. दुसऱ्या आठवड्यात "रमा, काम कर." "मामा, मला मका." अशी वाक्यंही. दुसरा गट स, ब, प आणि दीर्घ वेलांटी: साप सरकला, बकरी बसली, काकी, पालक.

कार्डं लग्नपत्रिकांची करा, जाड आणि फुकट. ६ × ६ सेंमी. काना सुटा देऊ नका. क, का, म, मा, ल, ला, र, रा अशी आठ कार्डं, प्रत्येकी दोन, म्हणजे जोडीला सोळा. बारा जोड्यांना १९२. दोन-दोन यासाठी की काका आणि मामाला दुसरं कार्ड लागतं. मागच्या बाजूला संचाचा क्रमांक घाला, नाहीतर आठवड्यात सगळे संच एकमेकांत मिसळतात.

मुख्य कृती शब्दसाखळी. मुलाने "काम" मांडायचं. मग मी म्हणायचं, "एकच कार्ड बदलून काल कर." मग लाल, मग माल, मग मार, मग कार. प्रत्येक वेळी नेमकं कोणतं कार्ड बदलायचं हे ठरवण्यासाठी मुलाला शब्दातला आवाज ऐकावाच लागतो. नुसतं "काल वाच, लाल वाच" करून हे घडत नाही, तिथे पहिलं अक्षर बघून अंदाज चालतो.

सुटं वाचन ही पुढची अडचण. मूल "क, म, ल" असं तीन वेळा श्वास घेऊन वाचतं आणि शब्द कुठला ते त्याला कळत नाही. कार्डांमधे फट ठेवू नका, कडेला कड लावा. बोट कार्डांवरून न थांबता सरकवायचं आणि आवाज लांबवायचा, "कsमल". मराठीत शब्दाच्या शेवटचं स्वरचिन्ह नसलेलं अक्षर बहुधा अर्धंच उच्चारलं जातं, आणि सुटं शिकलेलं मूल ते पूर्ण म्हणतं. म्हणून पहिल्या आठवड्यात काम, लाल, राम यांसारखे दोन अक्षरी शब्द जास्त घ्या. तीन अक्षरी शब्दांची घाई नको.

वऱ्हाडची पाटी

काजवा मॅडम, अक्षरकार्डांच्या आधी चित्रकार्डं येतात, तिथे एक सांगायचं आहे. पहिला आवाज ओळखण्याच्या खेळात छापील चित्रं आमच्याकडे चालत नाहीत. बटाट्याचं चित्र दाखवलं की मूल आलू म्हणतं. पेरूला जाम. भोपळ्याला कोहळं. "प"च्या टोपलीत पेरू टाकायला सांगितलं की मूल "ज"कडे बघतं. त्याचं अगदी बरोबर असतं आणि आपण त्याला चूक ठरवतो.

खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक चित्राचं नाव मुलांकडून घ्या. दोन नावं आली तर ते कार्ड सरळ बाजूला काढा, किंवा मुलांच्या नावाच्या टोपलीत टाकू द्या. पंधरा चित्रांत तीन-चार बाद होतात. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी तर आधी महिनाभर वस्तू, गाणी आणि गप्पा, नंतर चित्रं.

अननस, ऐरण, औत ही तक्त्यावरची मंडळी काढूनच टाका. अननस कधी न पाहिलेलं मूल "अ अननसाचा" म्हणतं ते नुसत्या चालीवर.

ण आणि ळ या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही. यांना शेवटच्या आवाजाचा खेळ लागतो: बाण, कान, बाळ, फूल, फळ. एका वेळी दोन टोपल्या, ण-न किंवा ळ-ल. आमच्या बोलीत पाणीचं पानी होतं, त्यामुळे हा खेळ कानाला अवघड जातो. तो पहिलीत घेऊ नका, दुसरीत घ्या, आणि बोलण्यात पानी म्हटलं तर टोकू नका.

कोरी पाटी

ऱ्हस्व वेलांटीसाठी एक स्वस्त युक्ती. "कि" मध्ये इ ऐकू येते नंतर, पण लिहायची आधी. मूल क लिहून उजवीकडे वेलांटी काढतं, कारण कानाला तसंच ऐकू येतं. काना, दीर्घ वेलांटी यांच्यात त्याने तोच क्रम पाहिलेला असतो.

नव्या शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक घ्या. ९ × ६ सेंमीच्या कार्डावर अक्षर उजव्या बाजूला काढा, डावीकडे ३ सेंमी जागा कोरी. प्लास्टिकचा तुकडाही ९ × ६ चा, त्यावर लाल पक्क्या मार्करने ऱ्हस्व वेलांटी अशी काढा की कार्डावर ठेवल्यावर दांडा कोऱ्या जागेत उतरतो आणि कमान अक्षरावर येते. मूल "क" म्हणतं, प्लास्टिक ठेवतं, "कि" म्हणतं. एकच प्लास्टिक सगळ्या अक्षरांवर फिरतं. प्लास्टिकचा वरचा उजवा कोपरा कापा आणि कार्डाचाही. दोन्ही कोपरे जुळले नाहीत तर ते उलटं ठेवलेलं आहे हे मुलाचं मुलालाच कळतं. पाण्याने पुसला जाणारा मार्कर वापरला तर दोन दिवसांत बोटांनी वेलांटी गायब होते.

दुसरीत याच्या पुढची कृती घ्या. किती, नदी, पिशवी, मिरची, चिमणी, गाडी, विहीर, टोपी, खिडकी असे वीस शब्द कार्डांवर लिहून द्या आणि शब्दाच्या शेवटी वेलांटी आहे की नाही, याप्रमाणे दोन ढीग करायला सांगा. शेवटी वेलांटी असलेल्या ढिगात त्या शेवटच्या वेलांट्या सगळ्या दीर्घ निघतात. मराठीचा नियम मुलं स्वतः शोधून काढतात आणि मग तो विसरत नाहीत. "आणि" हा अपवाद नंतर त्यांच्यासमोर ठेवा. कवी हा शब्दही घाला, पण व्यक्तिनामं टाळा, त्यांत दोन्ही तऱ्हा दिसतात.

रांगोळी

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. घ-ध, भ-म, ब-व, र-स, आणि "ख" ला "रव" वाचणं. पहिला नियम म्हणजे जोडीतली दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवायची नाहीत. एक पक्कं झाल्यावर दुसरं.

दुसरं काम बोटाने. ८ सेंमी उंच अक्षर पुठ्ठ्यावर फेविकॉलने काढा, वर चाळलेली बारीक वाळू भुरभुरा, रात्रभर वाळवा, झटका. मग पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा हलका हात वरून फिरवा, नाहीतर वाळू आठवडाभर सांडत राहते. बोट कुठून सुरू करायचं तिथे हिरवा ठिपका.

ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ आणि म यांची सलग. डोळ्याला ही फट चटकन दिसत नाही, पण वाळूच्या अक्षरावर बोट फिरवताना मधेच गुळगुळीत पुठ्ठा लागतो. डोळे मिटून पिशवीतून म आणि भ ओळखायचा खेळ यावरच चालतो. शिरोरेषा काढताना आपण घाईत ती फट बुजवतो, तेवढं सांभाळा. अंकांतही ३ आणि ६ उलटसुलट होतात, त्यांनाही हेच साहित्य.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा बालवाडीत शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य होतं. आपल्याला नवं काही शोधायचं नाही, मापं आणि पायऱ्या नीट ठेवायच्या आहेत.

दोन वर्ग एक खोली

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र असते. शिक्षक एका गटाजवळ बसला तर बाकीचे काय करणार, यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या कृतींतल्या अंड्याचा ट्रे, फासे-काड्या, शब्दांचे ढीग, वाळूची अक्षरं या शिक्षकाशिवाय चालतात, एकदा समोर करून दाखवल्या की. करवंटीखाली झाकणं, वेलांटीचं प्लास्टिक पहिल्यांदा देणं, शब्दसाखळी आणि गणितमाळ यांना शिक्षक लागतोच. चार गट, वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या. एका वेळी शिक्षकाचा एकच गट, बाकी तिघांना आपोआप चालणाऱ्या कृती. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन गट शिक्षकाजवळ.

डब्याच्या झाकणावर आतल्या वस्तूंचं चित्र आणि संख्या लिहा. परत ठेवताना मोजूनच ठेवायचं. काड्या १२० असतील तर बारा गठ्ठे करून दाखवल्याशिवाय डबा बंद होत नाही.

पायवाट

दुसरीत शतक आल्यावर काड्या फार होतात. एकशे पाच ला १००५ लिहिणारी मुलं आहेत. त्यांना काय द्यावं?

शंभर मणी

त्यांना एकावर एक ठेवायची कार्डं द्या. उंची ५ सेंमी. एककाची ९ कार्डं, रुंदी ४ सेंमी. दशकाची ९, रुंदी ८: १०, २०, ३०... शतकाची ९, रुंदी १२. एक संच २७ कार्डांचा. दर ४ सेंमीत एकच अंक, बरोबर मधोमध. २०० वर ४० आणि त्यावर ५ उजवी कड जुळवून ठेवलं की २४५ दिसतं, उचलून वेगळं केलं की २००, ४०, ५. एकशे पाचसाठी १०० वर ५ ठेवलं की शेवटचं शून्य झाकलं जातं, १०५ उरतं. १००५ कसं होत नाही हे मुलाला सांगावंच लागत नाही. अंक मधोमध नसले किंवा रुंदी एखाद्या मिलिमीटरने कमी पडली तर खालचं शून्य डोकावतं आणि सगळा मुद्दाच जातो, म्हणून पत्रिका पट्टीने आखून कापा.

ही कार्डं काड्यांच्या आधी देऊ नका. कार्डावरचा ४० हा नुसता आकडा असतो, चार गठ्ठे हातात धरलेल्या मुलालाच तो चाळीस वाटतो. खेळातल्या नोटांचंही तसंच, दहाची नोट काही रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते.

लिंबोणी

पायवाट, काड्या कधी काढून घ्यायच्या हेही तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. तारीख ठरवून काढू नका. चार गठ्ठे, तीन सुट्या मांडा आणि रुमालाने झाका. "यातून आठ काढायच्या आहेत, काय करशील?" मुलाने हात न लावता सांगायचं, "एक गठ्ठा सोडीन, तेरा होतील, आठ काढीन, तीन गठ्ठे आणि पाच." मग रुमाल काढून त्यानेच करून बघायचं. वेगवेगळ्या पाच उदाहरणांत चार वेळा असं नीट सांगता आलं की त्या मुलाचा डबा फळीवर जातो, फळी त्याच्या हाताला पोचेल अशी ठेवायची. तीन अंकी वजाबाकी सुरू झाली की बरीच मुलं उठून परत डबा घेतात. घेऊ द्या, आणि कुठल्या पायरीला घेतला ते वहीच्या समासात टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला नेमकं कुठलं उदाहरण द्यायचं ते त्यावरून कळतं.